हत्तीडोहाचा घासलेला तळ

यवतमाळ जिल्ह्यात समुद्र नाही, हे मला मान्य आहे. तरीही माझ्या नोकरीची उमेदीची वर्षं मी पाठीवर हवेची टाकी, तोंडात रबरी नळी आणि पायांत बदकाचे पंजे अशा अवतारात, याच जिल्ह्यात, पाण्याखाली काढली. निवृत्तीनंतर कुणी विचारलं की मी "मत्स्य खात्यात होतो" एवढंच सांगतो. त्यापुढचं सांगितलं की ऐकणारा माझ्या मुलाकडे बघतो आणि मुलगा खाली बघतो. दिवाळी अंकाच्या संपादकांनी मात्र पुरावा मागितला नाही, म्हणून लिहितो आहे.

याची सुरुवात एका फॉर्मपासून झाली. छप्पन्न साली आमचा प्रदेश मुंबई राज्यात गेला. त्याच वर्षी आमच्या घरानं धम्म स्वीकारला. म्हणजे एकाच साली दोन बदल झाले. एक आम्ही केला आणि एक आमचा केला गेला. मी तेव्हा प्राणिशास्त्राची पदवी घेऊन खात्यात नुकताच चिकटलो होतो. राज्य बदलल्यामुळे आमच्या खात्याला एकदम समुद्र मिळाला. समुद्र अर्थात होता तिथंच राहिला, आमच्याकडे आले ते त्याचे फॉर्म. भरतीची वेळ, ओहोटीची वेळ, किनाऱ्यापासूनचं अंतर, तळाचा प्रकार. आमचे हेडक्लार्क प्रामाणिक गृहस्थ. त्यांनी भरतीच्या रकान्यात "मृगानंतर" आणि ओहोटीच्या रकान्यात "दिवाळीनंतर" असं लिहून पैनगंगेचा फॉर्म पाठवला. तो मंजूर झाला. तळाच्या रकान्यात मी "खडक" लिहिलं होतं, आणि ते खरंच होतं. पण मुंबईच्या कुठल्याशा नियमाप्रमाणे खडकाळ तळाची पाहणी जाळं ओढून करता येत नाही, माणसानं स्वतः खाली उतरूनच करायची असते. चार वर्षांनी, फॉर्म मुरल्यावर, मला कोकणच्या किनाऱ्यावर बुडायला शिकण्याचा हुकूम आला.

तिथं नौदलातून निवृत्त झालेल्या एका पाणबुड्यानं आम्हाला महिनाभर शिकवलं. या साधनाला स्कूबा म्हणतात. आमच्या कार्यालयात त्याला "टाकी-संच" म्हणायचे. त्या गृहस्थांनी एकच नियम डोक्यात ठोकून बसवला: पाण्याखाली टाकीतली हवा घेतोस ना, मग वर येताना श्वास कधी धरायचा नाही, सोडत यायचं. धरलास तर छाती फुटेल. कोकणातला समुद्रतळाचा खडक म्हणजे आठवडी बाजार. कालवं, शेवंतीच्या फुलासारखी दिसणारी पण मासा गिळणारी जनावरं, पाच बोटांचे तारामासे, एकावर एक बसलेले. एक इंच खडक रिकामा नाही. मी परत आलो तेव्हा माझ्याबरोबर तो संच होता आणि मनात शंका होती, की आपल्या नदीत खाली बघण्यासारखं काही आहे का?

संच आला, पण हवेचं काय? टाकीत दाबून भरायची श्वासाची हवा यवतमाळात कुठून आणणार? ती मुंबईहून यायची. सहा टाक्या रेल्वेनं मूर्तिजापूरला आणि तिथून छोट्या गाडीनं यवतमाळला. पार्सलबाबूनं पहिल्या दिवशी पेन कानावरून काढून विचारलं,

"भरलेल्या हायेत का रिकाम्या?"

"भरलेल्या."

"काय हाये अंदर?"

"हवा."

त्यानं पेन खाली ठेवलं. "मंग रिकाम्याच लिवतो ना बापा."

"नाही, परत जाताना रिकाम्या जातील."

"म्हंजे जातानी हवा नसन?"

"नसेल."

"मंग जातानी काय असन अंदर?"

मी विज्ञानाचा पदवीधर. म्हणालो, "हवाच, पण कमी." त्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि पावतीवर लिहिलं, "हवा, मुंबईची." पुढं सगळी वर्षं हीच नोंद चालली.

एका टाकीत जेमतेम चाळीस मिनिटं मिळत. त्यामुळे पाण्याखाली आश्चर्य करायलाही वेळ नसे. कामाची पद्धत साधी. फूटभर लांब, फूटभर रुंद लोखंडी चौकट खडकावर ठेवायची आणि तिच्या आत जे जे जिवंत असेल ते मोजायचं. गोगलगायी, खेकडे, झिंगे, खडकाला चिकटलेल्या अळ्या, हिरवट पोपड्यासारखा दिसणारा नदीचा स्पंज. मग आजूबाजूच्या कपारींतले मासे. अशा चोवीस जागा ठरवून घ्यायच्या, प्रत्येकीजवळ नंबर घातलेला पांढरा दगड ठेवायचा आणि दर वेळी त्याच जागा मोजायच्या. लिहायला आधी शाळेची पाटी नेली, ओल्या पाटीवर अक्षर उमटेना. शेवटी पत्र्याला पांढरा रंग देऊन तो वाळूनं घासला, त्यावर साधी शिसपेन्सिल पाण्यातही चालली. माझ्या नोकरीतला माझा स्वतःचा शोध म्हणाल तर हाच.

माझी मुख्य जागा होती हत्तीडोह. आज ज्याला झरी जामणी तालुका म्हणतात त्या भागात, मांजरघाट नावाच्या गावाजवळ. पांढरकवड्यापर्यंत एस.टी., पुढं बैलगाडी, बैलगाडीत मुंबईची हवा. पैनगंगा तिथं काळ्या खडकांच्या मधून वळते आणि पंचवीस-तीस फूट खोल डोह करते. हत्ती पाण्यात बसल्यासारखे खडक, म्हणून हत्तीडोह. पलीकडच्या काठावर आंध्र.

गावातल्या पाटलांनी पहिल्या दिवशी चहाला बोलावलं, आडनाव विचारलं, आणि चहा वेगळ्या कपात आला. मी सरकारी कामाची घाई सांगून उठलो. नदीकाठच्या भोयांच्या पंधरा घरांत एकच पितळी गडू फिरायचा आणि तो सगळ्यांच्या तोंडाला लागायचा. मी मुक्काम तिथंच टाकला. त्या पंधरा घरांचा म्होरक्या संभा, पन्नाशीचा, छातीनं कपाटासारखा. तो दगड धरून, दम कोंडून डोहाच्या तळाशी जायचा आणि हातानं चाचपून कपारीतली सापासारखी लांब वाम मासळी बाहेर काढायचा. त्याची थोरली बहीण गिरजाबाई. ती मासे विकायची आणि सगळ्यांना बोलायची.

मी पहिल्यांदा डोहातून वर आलो तेव्हा संभा काठावर उकिडवा बसला होता.

"काय दिसलं, साहेब?"

"मासे कमी आहेत."

"कमी कायचे! तुमी लय आवाज करता. चुलीवर भाताचा गंज उकयते तसा बुडबुड, बुडबुड. मासोयी कपारीत पयते. मंग तुमी म्हनता, नाई हाये."

ते खरं होतं. माझ्या बुडबुड्यांनी मासे बावरत. पुस्तकात हे लिहिलेलं नव्हतं. तेव्हापासून मी खडकावरचे जीव मोजायचे आणि कपारीतले मासे संभानं मोजायचे, अशी वाटणी ठरली. तो कमरेच्या दोरीला गाठी मारत यायचा, मी गाठी कागदावर उतरवायचो.

सरकारी माणूस पाण्यात उतरतो म्हटल्यावर खाली सोनं असणार, असं आसपासच्या गावांत ठरलं होतं. एकदा जवळच्या तांड्याचे नायक आले. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर माल वाहायचे. त्यांनी आधी बराच वेळ हवापाण्याची चौकशी केली, मग म्हणाले, "साहेब, माह्या आज्याचा बैल या घाटात वाहून गेलता. पाठीवर मिठाची गोणी होती. अंदर भेटली तं सांगा."

"नायक, मीठ तर केव्हाच विरघळलं असेल."

त्यांनी थोडा विचार केला. "अन् गोणी?"

मी सापडली तर सांगतो म्हणालो. गोणी सापडली नाही, पण पुढं कधीही तांड्यावरून गेलो की नायक लांबूनच हातानं विचारायचे आणि मी हातानंच नाही म्हणायचो.

आता मुद्द्याचं. मांजरघाटाजवळ नदीवर पूल व्हायचा होता. पुलाला दगड हवा होता. हत्तीडोहाचा खडक काठाशीच होता, उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की सुरुंग लावून फोडायला सोपा. फक्त आमच्या खात्याचं "हरकत नाही" असं पत्र लागत होतं. मी हरकत घेतली. कारण बाहेरच्या माणसाला पटेल असं सोपं होतं: मे महिन्यात मैलोगणती नदी कोरडी पडते तेव्हा तिच्यातलं जे काही जिवंत आहे ते या डोहात येऊन राहतं, खडकावरच्या जिवांवर पोसतं आणि पावसात पुन्हा नदीभर पसरतं. डोहाचा खडक फोडला तर नुसता डोह नाही, वरखालची सगळी नदी रिकामी होईल. आणि भोयांच्या पंधरा घरांना शेत नव्हतं, डोहच होता.

माझ्या अहवालातले आकडे भरघोस होते. तेच अडचणीचं झालं. पुलाच्या इंजिनिअरांनी लिहिलं की पाण्याखाली एकटा माणूस मोजतो, दुसरा कुणी बघत नाही, तेव्हा हे आकडे कशावरून खरे? प्रश्न रास्त होता. मी त्यांच्या जागी असतो तर हाच विचारला असता. शेवटी ठरलं की आमचे नागपूरचे मोठे साहेब आणि इंजिनिअर दोघांसमोर मी मोजणी करायची. त्या दिवशी जो आकडा येईल तो अखेरचा.

नोव्हेंबर संपत आला होता, पाणी नितळ होतं. आठ दिवस आधी मी हवेच्या टाक्या आणायला यवतमाळला निघालो. निघताना मला आठवलं की नंबरांच्या दगडांवर शेवाळ धरलं आहे. संभाला म्हणालो, "साहेब येणार आहेत. नंबराचे दगड तेवढे घासून ठेवा." माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरीतलं हे सगळ्यात महागाचं वाक्य.

पाहणीच्या दिवशी काठावर मांडव होता. पाटलांच्या घरच्या दोन गादीच्या खुर्च्या होत्या. मोठ्या साहेबांनी हार स्वीकारला आणि "नदीच्या उदरात दडलेली राष्ट्रीय संपत्ती" या विषयावर पंचवीस मिनिटं भाषण केलं. त्यात दोनदा समुद्राचा उल्लेख आला, बहुधा भाषण जुनं असावं. इंजिनिअर सडपातळ, मितभाषी, डोक्यावर खाकी टोपी. त्यांनी हार हातातच घेतला आणि घड्याळ पाहिलं. मी संच चढवला आणि उतरलो.

पहिल्या जागेवर पोचलो आणि मला वाटलं, चुकीच्या ठिकाणी आलो. खडक काळाभोर, लखलखीत, देवळाच्या पायरीसारखा. शेवाळ नाही, पोपडा नाही, अळी नाही. एक नंबरचा पांढरा दगड शेजारी नीट मांडलेला आणि त्याला शेंदूर फासलेला. मी दुसऱ्या जागेकडे गेलो. तीही तशीच. तिसरी, चौथी, दहावी. चोवीसच्या चोवीस जागा घासून पुसून स्वच्छ. कोपऱ्यातली वाळूसुद्धा झाडलेली. सतरा नंबरवर एक गोगलगाय होती, तीही बहुधा वाट चुकून आलेली. नियमाप्रमाणे मी तिची नोंद केली.

वर आलो. संभा कमरेएवढ्या पाण्यात उभा. चेहऱ्यावर लग्नघरच्या बापाचं समाधान.

"कसं हाये साहेब? लखलखून राह्यलं ना? बारा मानसं लावली, तीन दिस लागले. काथ्या अन् रेतीनं घासलं. नुसते दगडच काय, आजूबाजूचंबी सारं साफ केलं. मोठ्या साहेबाच्या नजरेले घान पडाले नाई पायजे."

पाहुणा यायचा म्हणजे अंगण सारवायचं, हे त्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं ज्ञान होतं. पाहुणा तळाशी येणार, म्हणून त्यानं तळ सारवला. मी पत्रा साहेबांच्या हाती दिला. त्यावर एकूण बेरीज होती: एक.

इंजिनिअरांनी पत्रा दोन्ही बाजूंनी पाहिला.

"म्हणजे तुमच्या अहवालात जी जनावरं होती, ती घासून निघाली म्हणता?"

"हो."

"त्याचा पुरावा?"

"तोही घासून निघाला."

ते हसले नाहीत. मोठे साहेब मात्र लाल झाले. एवढं भाषण एका गोगलगायीवर संपलं होतं. संभाला आता उमगलं. तो माझ्याकडे, मग पाण्याकडे, मग मागं उभ्या असलेल्या आपल्या बारा माणसांकडे पाहत राहिला. त्या माणसांपैकी कुणाचीही मान वर नव्हती.

तेवढ्यात बायकांतून गिरजाबाई पुढं आली.

"काहून तोंडं पाडून बसले सारे? घासलं तं घासलं. पुन्ना नाई येत का? घाटाच्या पायऱ्या आमी पोयाले घासतो, दिवायीले पुन्ना शेवाय. दोनदा पडली मी. माई कंबर पाहा, साहेब, कंबर बोलून राह्यली." मग ती सरळ इंजिनिअरांकडे वळली. "दोन मयने थांबा. उगवलं तं डोह आमचा. नाई उगवलं तं फोडा."

"अवं बुढे, गप राह्य!" संभा ओरडला. "डोह कायले लावते पैजेवर? बापाचा हाये का तुह्या?"

"बापाचाच हाये. तुह्याबी बापाचा हाये."

इंजिनिअर म्हणाले की त्यांच्या कामाचं वेळापत्रक ठरलेलं आहे, दोन महिने ही फार मोठी मुदत झाली. ते असं म्हणाले नसते तर डोह त्याच दिवशी गेला असता, असं मला आजही वाटतं. कारण "वेळापत्रक" हा शब्द ऐकून मोठे साहेब ताठ बसले. म्हणाले, "मत्स्य खात्याचं वेळापत्रक मासे ठरवतात." लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांना ते वाक्य इतकं आवडलं की त्यांनी लगेच दोन महिन्यांची मुदत कागदावर लिहून सही केली. पुढं अनेक समारंभांत मी ते वाक्य ऐकलं, दर वेळी चिंतन म्हणून.

सगळे गेले, मांडव उतरला. संभानं मला बाजूला घेतलं.

"साहेब, उगवन ना?"

मला माहीत नव्हतं. पोळ्यापासून दिवाळीपर्यंतच्या उबेत उगवतं हे पायऱ्यांवरून दिसत होतं. पण थंडीत, वीस फुटांखाली, घासलेल्या नागड्या खडकावर काय येतं, किती दिवसांत येतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि पुस्तकांत सापडलं नाही. मी "उगवेल" म्हणालो. पुढचे दोन महिने मी त्या एका शब्दाच्या काळजीत काढले.

पहिल्या आठवड्यात काही नाही. दुसऱ्या आठवड्यात हात फिरवला तर किंचित बुळबुळीत, ताकाच्या निवळीएवढं. थंडी कडक पडली. संभानं बहिणीशी बोलणं सोडलं. ती त्याच्या ताटात वाढताना माझ्याकडे बघून मोठ्यानं म्हणायची, "साहेब, मुक्या मानसाले भाकर जास्त लागते का कमी?" मध्ये मुंबईकडून हवा आली नाही, टाक्या कुठं तरी अडकल्या. दोन आठवडे संभाच दम कोंडून खाली गेला आणि नंबराचा एकेक दगड फडक्यात धरून वर आणून मला दाखवत राहिला. पाहून झालं की तो दगड पुन्हा तिथंच, त्याच तोंडानं ठेवून यायचा.

चौथ्या आठवड्यात खडकावर तपकिरी झाक आली. तिच्या मागोमाग गोगलगायी आल्या, ती झाक चरायला, जशा पाऊस झाल्यावर माळावर गायी येतात. मग अळ्या, केसाएवढ्या. मग अळ्या खायला बोटभर मासे, माझ्या बुडबुड्यांना न घाबरणारे, बहुधा अजून लहान असल्यामुळे. सहाव्या आठवड्यात झिंगे. मी आजवर डोहात फक्त गर्दी मोजली होती. रिकाम्या खडकावर गर्दी कशी जमते, आधी कोण येतं, कुणासाठी कोण येतं, हे मला पहिल्यांदा दिसलं, आणि ते एका चुकीमुळे दिसलं. खरं सांगायचं तर त्या दोन महिन्यांत मी नोकरी करतो आहे हे विसरलो होतो. काळजी होती, पण सकाळी उठून पाण्यात उतरायची घाई तिच्याहून मोठी होती.

दोन जागांवर, जिथं ऊन पोचत नव्हतं, काहीच आलं नाही. स्पंजाचे पोपडे कुठंच आले नाहीत. ते मी तसंच नोंदवलं.

दुसऱ्या पाहणीला मोठे साहेब आले नाहीत, त्यांना कुठल्या तरी उद्घाटनाला जायचं होतं. त्यामुळे मांडवही नव्हता. इंजिनिअर एकटेच जीपनं आले. काठावरच्या दगडावर बसले आणि म्हणाले, "मला पोहता येत नाही. तुमच्या आकड्यांवर मी पुन्हा विश्वास ठेवणार नाही. मला दिसेल असं काही तरी वर आणा."

चौकट वर आणता येत नव्हती, खडक तर नाहीच. पण नंबरांचे दगड होते. तेही त्याच दिवशी, त्याच काथ्यानं घासलेले होते. संभा खाली गेला आणि चार, नऊ आणि अकरा नंबरचे दगड जसेच्या तसे पाण्यासकट बादलीत घेऊन आला. गिरजाबाईनं घरातली पितळी परात आणली. परातीत पाणी, पाण्यात दगड. मी भिंग इंजिनिअरांच्या हाती दिलं.

पाच मिनिटं ते भिंग दगडावरून फिरवत होते. मग म्हणाले, "हे काय आहे?"

दगडाच्या बगलेला तांदळाच्या दाण्याएवढी एक नळी चिकटली होती, वाळूच्या कणांची. मी सांगितलं की ते घर आहे. आत एक अळी राहते. ती एकेक कण निवडून, फिरवून, बसवून हे बांधते.

"फिरवून?"

"कणाची सपाट बाजू आत येईल असा."

त्यांनी खिशातली पेन्सिल काढून टोकानं नळी हळूच दाबली. ती मोडली नाही. जरा जोरात दाबली. तरी नाही. त्यांनी टोपी काढून बाजूला ठेवली.

"जोडते कशानं?"

"तोंडातून रेशमासारखा चिकट धागा काढते."

"वाहत्या पाण्यात?"

"वाहत्या पाण्यातच."

"आमचा सिमेंटचा माल वाहत्या पाण्यात घट्ट व्हायच्या आत निम्मा धुऊन जातो," ते म्हणाले, मला नाही, परातीला. "एवढ्या आठवड्यांत अशी किती?"

मी चार नंबरच्या दगडावरचा आकडा सांगायला कागद उघडला. त्यांनी हात वर करून थांबवलं आणि भिंग घेऊन स्वतः मोजायला लागले. नळ्या, गोगलगायी, अळ्या. मध्येच एक झिंगा उडाला तेव्हा दचकले आणि "हा धरायचा का?" असं त्यांनी गिरजाबाईला विचारलं. ती म्हणाली, "धरा ना, तुमच्यासाठीच आला तो." तासभर ते मोजत होते. संभा त्यांच्या पाठीमागं उभा होता, आणि तेवढा वेळ तो दम धरून होता, हे मी शपथेवर सांगतो.

शेवटी त्यांनी आपला आकडा आणि माझा आकडा शेजारी लिहिले. त्यांचा जास्त होता. मग शांतपणे कागदावर लिहिलं की पुलासाठी मैलभर लांबच्या माळावरचा दगड घ्यावा, तो अधिक टिकाऊ आहे. तो खरंच अधिक टिकाऊ होता का, हे मी विचारलं नाही. पूल अजून उभा आहे.

निघताना ते गिरजाबाईला म्हणाले, "बाई, तुम्ही पैज जिंकली."

"पैज कायची," ती म्हणाली. "सांगतलं होतं ना, कंबर दुखते म्हनून." आणि भावाकडे वळून, "बोल आता मुक्या. आमटी करू का झिंग्याची?"

"नको," संभा म्हणाला. दोन महिन्यांतला तिच्याशी बोललेला त्याचा पहिला शब्द. "आज डोहातलं काई खाऊ नको."

त्याच उन्हाळ्यात टाकी-संच परत कोकणात मागवला गेला. समुद्राच्या वस्तू समुद्राकडे असाव्यात, असं पत्रात लिहिलं होतं. मी हत्तीडोहात पुन्हा कधी उतरलो नाही. स्पंज परतला का, त्या दोन सावलीतल्या जागांचं काय झालं, हे मला आजही माहीत नाही. नंतरच्या नोकरीत मी तळी, बंधारे, मत्स्यबीज आणि पुष्कळ फाइली पाहिल्या. त्यांची खंत नाही, पण त्या दोन जागा अधूनमधून आठवतात.

संच बांधायच्या आदल्या दिवशी शेवटच्या टाकीत थोडी हवा शिल्लक होती. संभा म्हणाला, "साहेब, एकडाव मले द्या." नियमात बसत नव्हतं. मी सकाळभर त्याला काठाच्या उथळ पाण्यात बसवून शिकवलं. बाकी सगळं त्याला माझ्याहून चांगलं येत होतं. एकच गोष्ट त्याच्या अंगात जाईना: वर येताना दम धरायचा नाही. ज्यानं जन्मभर दम धरूनच पोट भरलं, त्याला मी सांगत होतो की धरलास तर मरशील. पुन्हा पुन्हा बसवलं, पुन्हा पुन्हा उठवलं. शेवटी तो श्वास सोडत वर यायला लागला तेव्हा त्याच्या कमरेला दोरी बांधली आणि डोंग्यात बसून ती हातात धरली.

तो खाली गेला. माझ्यासारखेच बुडबुडे वर येत राहिले. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. दोरी हलेना. मी दोनदा ओढली, खालून दोनदा ओढ आली, म्हणजे ठीक आहे. काठावर गिरजाबाई पदर तोंडाला लावून उभी. हवा संपायला आली तेव्हा मी तीनदा ओढली आणि तो वर आला. बुडबुडे सोडत, अगदी हळू. डोंग्याची कड धरून त्यानं तोंडातली नळी काढली. मी विचारलं, "काय केलंस इतका वेळ? मासोयी दिसली का?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली.

"चाळीस वर्सं झाली उतरून राह्यलो," तो म्हणाला. "दम कोंडला का मानूस कामापुरतंच पाह्यते. कपार कुठं, वाम कुठं, अन् वर. आज पयल्यांदा नुसता बसलो अन् पाह्यत राह्यलो, साहेब. केवढं हाये ते!"